८४ दिवस आणि बदलता विषाणू : एका वादाची पार्श्वभूमी

१३ मे २०२१ रोजी केंद्र सरकारने कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे, म्हणजे कमीत कमी ८४ दिवस केलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने तीच लस पन्नाशीपुढच्या लोकांना देताना आपलं १२ आठवड्यांचं अंतर ८ आठवड्यांवर आणलं. दोन्हीकडे पसरत होता तो विषाणू एकच: बी.१.६१७.२, ज्याला महिनाअखेरीस डेल्टा हे नाव मिळालं. त्यावर कडी म्हणजे भारताने आपल्या निर्णयाला जो आधार दिला, तोही 'ब्रिटनमधला प्रत्यक्ष अनुभव' असाच होता.

दोन देश एका दिवसाच्या फरकाने उलट दिशांना गेले, म्हणजे त्यांतला एक सरळसरळ चुकला, असा अर्थ तेव्हा लावला गेला आणि अजूनही लावला जातो. प्रकरण तेवढं सोपं नाही. दोन्ही निर्णयांमागे प्रतिकारशक्तीबद्दलची खरी माहिती होती. एकाने शरीराचं वेळापत्रक पाहिलं, दुसऱ्याने विषाणूचं. ही दोन वेळापत्रकं एकमेकांत कशी अडकतात हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं, आणि मग बरंच पुढेही.

इन्फ्लुएन्झाचा धडा

या प्रश्नाचा जुना इतिहास इन्फ्लुएन्झाचा आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईत आलेली पहिली लाट तुलनेने सौम्य होती, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी भीषण. भारतातल्या मृतांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रयोगशाळेत वेगळा काढता आला तो १९३३ साली, त्यामुळे १९१८ मध्ये कुणाच्या रक्तात काय होतं हे सांगायला कुणी उरलं नाही. ऐन पंचविशी-तिशीतली धडधाकट माणसं एवढ्या मोठ्या संख्येने का गेली, याचं उत्तर अनुमानानेच द्यावं लागतं. त्यातलं एक अनुमान असं की, १८८९-९० च्या साथीच्या आसपास जन्मलेल्या या पिढीच्या शरीराची पहिली ओळख वेगळ्याच प्रकारच्या विषाणूशी झाली होती आणि ती ओळख १९१८ मध्ये कामी आली नाही. हे सिद्ध झालेलं नाही, पण पुढच्या शंभर वर्षांच्या संशोधनाचा रोख त्यात दिसतो.

१९४७ साली अमेरिकेत इन्फ्लुएन्झाची लस जवळपास निकामी ठरली. ती १९४३ मधल्या विषाणूपासून केलेली होती आणि मधल्या काळात विषाणू सरकला होता. लस चांगली असूनही जुनी होऊ शकते, हे तेव्हा पहिल्यांदा ठसठशीतपणे कळलं. त्यानंतरच्या दशकात वेगवेगळ्या वयाच्या लोकांचं रक्तजल (सीरम) तपासताना आणखी एक विचित्र गोष्ट दिसली. माणूस चाळिशीचा असो वा साठीचा, त्याची सर्वांत भक्कम प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) त्याच्या बालपणी फिरत असलेल्या विषाणूविरुद्ध होती. नवा विषाणू भेटला की शरीर नवं उत्तर शोधण्याआधी जुनंच उत्तर जोराने द्यायचं. १९६० साली एका अमेरिकन साथरोगतज्ज्ञाने याला 'मूळ पाप' अशा थाटाचं ख्रिस्ती धर्मशास्त्रातून उचललेलं नाव दिलं. त्या नावामुळे ही गोष्ट कायम वाईटच असते असा समज रूढ झाला आणि तो आजही पुरता गेलेला नाही. हल्ली संशोधक 'इम्प्रिंटिंग' म्हणतात. आपण छाप म्हणू.

ही छाप वाईटच असते असं नाही, हे पुणेकरांनी २००९ मध्ये पाहिलं, फक्त तेव्हा कुणी ते असं सांगितलं नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ ला पुण्यात झाला आणि काही दिवसांत शहर तोंडाला रुमाल बांधून फिरू लागलं. जगभर या साथीचा तडाखा मुलांना आणि तरुणांना जास्त बसला, एरवी फ्लूमध्ये सर्वांत आधी आडवे होणारे वृद्ध बरेच सुटले. अमेरिकेत जुनी साठवलेली रक्तजलं तपासली, तेव्हा साठीपुढच्या सुमारे एक तृतीयांश लोकांत या 'नव्या' विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं आधीपासूनच होती. त्यांच्या बालपणीचा विषाणू या विषाणूचा जवळचा नातेवाईक होता. पुढे २०१६ मध्ये बर्ड फ्लूच्या दोन प्रकारांचा अभ्यास झाला, त्यात १९६८ हे जन्मवर्ष सीमारेषेसारखं दिसलं. त्याआधी जन्मलेले एच५एन१ पासून बऱ्यापैकी सुरक्षित, त्यानंतर जन्मलेले एच७एन९ पासून. कारण १९६८ साली फिरता विषाणू बदलला होता आणि बालपणीची पहिली भेटही.

पहिलं वर्ष

२०२० च्या जानेवारीत वुहानच्या विषाणूचा जनुकीय क्रम जाहीर झाला आणि पहिल्या फळीतल्या बहुतेक लशी त्याच क्रमावरून बेतल्या गेल्या. कोव्हॅक्सिनचा मार्ग वेगळा होता. त्यात पुण्याच्या प्रयोगशाळेत वेगळा केलेला अख्खा विषाणू निष्क्रिय करून वापरला होता, आणि त्यात त्या वसंत ऋतूत जगभर पसरलेला डी६१४जी हा बदल होताच. तरी दोन्हींची छाप पहिल्या पिढीतल्या विषाणूचीच.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष प्रतिपिंडांवर होतं, कारण ती मोजायला सोपी. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या माटुंगा, चेंबूर आणि दहिसर भागांतल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतल्या ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं आढळली, इमारतींमधल्या १६ टक्क्यांत. पुण्यातल्या पाच प्रभागांतल्या सर्वेक्षणाचा आकडा ५१.५ टक्के होता. 'हर्ड इम्युनिटी' हा शब्द त्या पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येत असे. ब्राझीलमधल्या मनाउस शहराचं गणित तर त्याहून पुढचं होतं: ऑक्टोबर २०२० पर्यंत तिथले सुमारे ७६ टक्के लोक बाधित होऊन गेल्याचा अंदाज होता. जानेवारी २०२१ मध्ये त्याच शहरात ऑक्सिजन संपला. गॅमा नावाचा नवा प्रकार आला होता.

मुंबईत मात्र वेगळं घडलं आणि त्याकडे पुरेसं लक्ष गेलं नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत आकडे वाढू लागले तेव्हा पालिकेच्या नोंदींतले बहुतांश रुग्ण इमारतींमधले होते. आधी होऊन गेलेला संसर्ग निरुपयोगी ठरला असता, तर हे चित्र दिसलं नसतं. मनाउस आणि मुंबई यांना एकत्र वाचलं की लक्षात येतं, की 'प्रतिकारशक्ती आहे की नाही' हा प्रश्नच अपुरा होता. कशापासून, किती काळ आणि कोणत्या विषाणूसमोर, हे विचारायला हवं होतं.

दक्षिण आफ्रिकेने ते विचारलं. १ फेब्रुवारी २०२१ ला पुण्यात तयार झालेले कोव्हिशील्डचे दहा लाख डोस तिथे पोचले. आठवडाभरात तिथल्या सुमारे दोन हजार स्वयंसेवकांवरच्या चाचणीचा निकाल आला: तिथे पसरलेल्या बीटा प्रकारामुळे होणाऱ्या सौम्य ते मध्यम आजाराविरुद्ध या लशीची परिणामकारकता जेमतेम १० टक्के. सरकारने वापर थांबवला आणि डोस पुढे आफ्रिकेतल्या इतर देशांकडे वळवले. चाचणीत भाग घेतलेले लोक तरुण होते, त्यामुळे गंभीर आजाराबद्दल तिथे काहीच सिद्ध झालं नव्हतं. पण 'लस चालत नाही' एवढंच जगभर गेलं. रक्तातली प्रतिपिंडं विषाणूला दारातच अडवतात. ती चुकली तरी टी पेशी बाधित पेशी हुडकून मारतात आणि माणूस रुग्णालयापर्यंत जात नाही, हा भेद तोपर्यंत संशोधकांच्या बैठकांबाहेर आला नव्हता. त्याचे पुरावे मात्र होते. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्यांच्या रक्तात सतरा वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्याचं २०२० मध्येच प्रसिद्ध झालं होतं.

त्याच सुमारास अमरावती पेटलं. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तिथे टाळेबंदी लागली. २४ मार्चला केंद्राने सांगितलं की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल दिसत आहेत. माध्यमांनी त्याला 'डबल म्युटंट' केलं, जणू दोनच बदल होते. पुढे जो प्रकार जिंकला, त्यात ई४८४क्यू नव्हताच. प्रतिपिंडांना चुकवण्यात बीटा डेल्टापेक्षा सरस होता, तरी जग डेल्टाने व्यापलं, कारण डेल्टा कितीतरी वेगाने पसरत होता. २०२१ च्या पूर्वार्धात जगातली बहुसंख्य माणसं विषाणूला नवीन होती. अशा गर्दीत लपण्यापेक्षा धावण्याचा फायदा जास्त. हे गणित वर्षभरातच उलटणार होतं.

८४ दिवस

आता मूळ वादाकडे.

पहिला डोस घेतल्यावर काखेतल्या लसिकाग्रंथींमध्ये प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींची निवड सुरू होते. त्या आपल्या जनुकांत छोटे छोटे बदल करत जातात, ज्या विषाणूला घट्ट धरतात त्या टिकतात, बाकीच्या गळतात. हे काम आठवडे, कधी कधी महिने चालतं. दुसरा डोस फार लवकर दिला, तर अर्धवट तयार झालेल्या पेशीच कामाला लावल्या जातात. थांबलं, तर अधिक मुरलेल्या पेशी प्रतिसाद देतात. कोव्हिशील्डसारख्या लशींत आणखी एक अडचण असते. लस ज्या निरुपद्रवी विषाणूच्या खांद्यावरून शरीरात जाते, त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडं तयार होतात आणि ती ताजी असताना दुसरा डोस दिला तर त्याचा जोर कमी पडू शकतो.

हे नुसतं पुस्तकी नव्हतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांमध्ये परिणामकारकता ५५.१ टक्के होती, बारा आठवड्यांनंतर घेतलेल्यांमध्ये ८१.३ टक्के. आणि मधल्या काळात एकटा डोस? तिसऱ्या आठवड्यापासून तीन महिन्यांपर्यंत ७६ टक्के. थांबण्यात लाभ आहे आणि थांबताना धोका फारसा नाही, असा त्याचा अर्थ होता. भारतात जानेवारीत २८ दिवसांपासून सुरू झालेलं अंतर मार्चमध्ये ८ आठवड्यांपर्यंत आणि मेमध्ये १२ ते १६ आठवड्यांपर्यंत गेलं, त्यामागचा शास्त्रीय पाया हाच.

पण तो ७६ चा आकडा जुन्या विषाणूंवर काढलेला होता. २२ मे रोजी, म्हणजे भारताच्या निर्णयानंतर नऊ दिवसांनी, इंग्लंडमधली आकडेवारी बाहेर आली: डेल्टाविरुद्ध एका डोसाची परिणामकारकता सुमारे ३३ टक्के. नंतर शास्त्रीय नियतकालिकात आलेल्या सविस्तर आकड्यांत ती ३१ च्या आसपास होती, आधीच्या अल्फा प्रकारासाठी ४९. दोन डोसांनंतर हीच लस डेल्टाविरुद्ध ६७ टक्क्यांपर्यंत पोचत होती. पुढे भारतातल्या तीन केंद्रांवरच्या, लस घेऊनही बाधित झालेल्या शंभरावर आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांतून दिसलं की लशीने तयार झालेली प्रतिपिंडं डेल्टासमोर सुमारे आठपट कमी प्रभावी होती. कमी प्रतिपिंडं असलेल्या, म्हणजे एकच डोस घेतलेल्या माणसाला ही घट सर्वांत जास्त भोवणार हे उघड आहे. दोन डोसवाल्याकडे आठपट घटीनंतरही काहीतरी उरतं.

तेव्हा १२ ते १६ आठवडे हा निर्णय चुकीच्या शास्त्रावर उभा नव्हता. तो दुसऱ्या विषाणूच्या शास्त्रावर उभा होता. आणि हे कळायला २२ मेची वाट पाहण्याची गरज नव्हती, असं माझं मत आहे. मार्चपासून महाराष्ट्रातल्या नमुन्यांत काय दिसतंय हे केंद्राला ठाऊक होतं. ६ मे रोजी देशात एका दिवसात ४ लाख १४ हजार रुग्ण नोंदले गेले होते. ब्रिटनमध्ये तो प्रकार तेव्हा हजारांतच मोजला जात होता, तरी तिथे धोरण बदललं.

दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. १ मेपासून १८ वर्षांपुढच्या सगळ्यांना लस खुली केली होती आणि लस होतीच कुठे? मुंबईत एप्रिलच्या शेवटी तीन दिवस केंद्रं बंद राहिली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरणच थांबवलं आणि ते डोस पंचेचाळिशीपुढच्यांच्या दुसऱ्या डोसासाठी वळवले. अशा वेळी दहा माणसांना दोन डोस द्यायचे की वीस जणांना एक, हा खराखुरा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असतो. एका डोसाने मृत्यू टळण्याचं प्रमाण संसर्ग टळण्यापेक्षा बरंच जास्त असतं, आणि कोट्यवधींच्या देशात हा हिशेब वीस जणांच्या बाजूने झुकू शकतो. हा हिशेब उघडपणे मांडला असता तर लोकांना तो पटला असता. मांडलं गेलं ते एवढंच, की अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती वाढते. टंचाईचा संबंध नाकारला गेला. वाद चिघळला तो इथे.

जूनमध्ये ज्या तज्ज्ञगटाच्या शिफारशीवर हा निर्णय घेतल्याचं सांगितलं होतं, त्याच गटातल्या तिघांनी वृत्तसंस्थेला सांगितलं की त्यांचा पाठिंबा ८ ते १२ आठवड्यांना होता, १२ ते १६ साठी पुरेशी माहिती नव्हती. सरकारने निर्णय एकमताने झाल्याचं सांगितलं. दरम्यान परदेशी शिकायला किंवा नोकरीला जाणारे आणि टोकियो ऑलिंपिकचे खेळाडू यांना २८ दिवसांनी दुसरा डोस घ्यायची मुभा मिळाली. शरीर तर सगळ्यांचं सारखंच, मग बाकीच्यांना का नाही, हा प्रश्न साहजिक होता आणि तो केरळच्या उच्च न्यायालयात गेला. सप्टेंबरमध्ये एकल न्यायमूर्तींनी पैसे देऊन लस घेणाऱ्यांना चार आठवड्यांचा पर्याय द्यावा असं म्हटलं, पुढे वरच्या खंडपीठाने तो निकाल फिरवला. कोविनवर ८४ दिवस तेव्हा तरी कायम राहिले.

या अंतराने भारतात नेमकं किती नुकसान किंवा किती भलं झालं, हे वेगळं काढणं जवळपास अशक्य आहे. जून-जुलै २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ६७.६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली, तेव्हा दोन्ही डोस झालेले लोक फार थोडे होते. म्हणजे बहुतेकांना प्रतिकारशक्ती दिली ती डेल्टानेच, लशीने त्यावर थर चढवला. डिसेंबर २०२१ पासून कोव्हिशील्डचं उत्पादन थांबलं आणि २०२४ मध्ये मूळ कंपनीनेही ती लस बाजारातून काढून घेतली, तेव्हा या प्रश्नाची निकडही संपली. पण लांब अंतराची बाजू घेणाऱ्यांकडे एक मुद्दा शिल्लक आहे. इतर लशींवरच्या अभ्यासांतही दिसलं, की दोन डोसांत जास्त अंतर असलेल्यांची स्मृती अधिक पक्की आणि रुंद होते, म्हणजे न पाहिलेल्या प्रकारांनाही ती जास्त ओळखते. मे २०२१ मध्ये ज्याला शिक्षा वाटली, त्याला पुढच्या विषाणूसमोर थोडा लाभ झाला असेल, हे नाकारता येत नाही.

ओमिक्रॉन आणि उलटलेलं गणित

२४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने नव्या प्रकाराची खबर दिली, दोन दिवसांत त्याला ओमिक्रॉन हे नाव मिळालं. त्याच्या पृष्ठभागावरच्या काटेप्रथिनात (स्पाइक प्रोटीन) तीसहून अधिक बदल होते आणि त्यांतले सुमारे पंधरा अशा भागात, जिथे बहुतेक प्रभावी प्रतिपिंडं चिकटतात. तोपर्यंत जगातल्या बहुसंख्य लोकांच्या रक्तात संसर्गाने किंवा लशीने आलेली प्रतिपिंडं होती. आता नुसतं धावून भागणार नव्हतं, चुकवणं भाग होतं. डेल्टा काही आठवड्यांत मागे पडला.

मुंबईचे आकडे याबाबत बोलके आहेत. दुसऱ्या लाटेतला एका दिवसाचा उच्चांक ४ एप्रिल २०२१ चा: ११,१६३. ओमिक्रॉनच्या लाटेत ७ जानेवारी २०२२ ला २०,९७१. जवळपास दुप्पट रुग्ण, आणि तरी रुग्णालयांत दुसऱ्या लाटेतली तारांबळ नव्हती. ओमिक्रॉन स्वतः थोडा सौम्य होता हे खरं, पण तेवढ्याने याचा उलगडा होत नाही. प्रतिपिंडं मोठ्या प्रमाणात चुकली, टी पेशी चुकल्या नाहीत. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत टी पेशींचा ७० ते ८० टक्के प्रतिसाद ओमिक्रॉनविरुद्धही शाबूत दिसला. प्रतिपिंडं विषाणूच्या पृष्ठभागावरच्या मोजक्या जागा पकडतात, टी पेशी त्याचे तुकडे ओळखतात, आणि ते तुकडे अनेक. शिवाय माणसागणिक वेगळे. एका उड्डाणात ते सगळे बदलणं विषाणूला जमत नाही.

आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. जुन्याच विषाणूवरच्या लशीचा तिसरा डोस दिल्यावर ओमिक्रॉनला अडवणारी प्रतिपिंडंही अनेक पटींनी वाढली. तोवर मुरलेल्या स्मृतिपेशींत विषाणूच्या न बदलणाऱ्या भागांना धरणाऱ्याही पेशी तयार झाल्या होत्या, तिसऱ्या डोसाने त्यांना बाहेर काढलं. भारतात १० जानेवारी २०२२ पासून 'प्रिकॉशन डोस' सुरू झाला, आधी घेतलेल्याच लशीचा आणि नऊ महिन्यांच्या अंतराने. पण एव्हाना ओमिक्रॉन घराघरांत जाऊन आला होता आणि तिसऱ्या डोसाचा उत्साह ओसरला. जुलैत तो पंच्याहत्तर दिवस मोफत केला, तरी केंद्रांवर रांगा लागल्या नाहीत.

मग छापेचा जुना प्रश्न परत आला. लस बदलायची, तर जुनी छाप आड येईल का? जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने १९ विरुद्ध २ मतांनी ओमिक्रॉनचा घटक घालायला संमती दिली, पण जुना घटक काढला नाही. अर्धं जुनं, अर्धं नवं. ब्रिटनने ऑगस्टमध्ये ओमिक्रॉनच्या बीए.१ या उपप्रकारावरची लस मंजूर केली, अमेरिकेने महिनाअखेरीस बीए.४/५ वाली, तीही मुख्यतः उंदरांवरच्या माहितीवर, कारण माणसांवर चाचणी होईपर्यंत विषाणू पुढे गेला असता. जानेवारी २०२३ मध्ये दोन छोट्या अभ्यासांत या दुहेरी लशीची प्रतिपिंडं जुन्या लशीच्या बूस्टरपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. जुना घटक ठेवल्याने शरीर पुन्हा जुन्याच ओळखीकडे वळत होतं. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने वुहानचा घटक वगळून फक्त एक्सबीबी या ओमिक्रॉनच्या तेव्हाच्या शाखेवर लस करण्याची शिफारस केली, आणि पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या समितीने २१ विरुद्ध ० ने तेच केलं. वर्षभरापूर्वी जपून ठेवलेला घटक आता सगळ्यांनाच नकोसा झाला होता. दुहेरी लशीचं वर्ष वाया गेलं असं म्हणणं थोडं कठोर ठरेल, कारण कुठलाही ताजा डोस काही महिने गंभीर आजारापासून संरक्षण देतच होता. पण इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी बदलणाऱ्यांना हा अंदाज यायला हवा होता.

छापेचा परिणाम विषाणूवरही झाला, आणि माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत रोचक भाग आहे. चीनमधल्या संशोधकांनी २०२२ च्या अखेरीस दाखवलं, की जुन्या छापेमुळे लोकांची प्रभावी प्रतिपिंडं काटेप्रथिनावरच्या थोड्याच जागांवर एकवटली होती. साहजिकच एकमेकांशी संबंध नसलेल्या शाखांत विषाणूने तेच ते बदल केले: ३४६, ४४४, ४६०, ४८६ या जागांवर. दोन शाखांच्या संकरातून आलेला एक्सबीबी त्याच वळणावरचा. त्याचाच वंशज एक्सबीबी.१.१६ मार्च-एप्रिल २०२३ मध्ये भारतात पसरला. लोकांच्या रक्ताने विषाणूला एका बाजूला ढकललं, विषाणूने लोकांना. निष्क्रिय विषाणूची लस घेतलेल्या चिनी लोकांमध्ये ओमिक्रॉनचा दोनदा संसर्ग झाल्यावर जुनी छाप बरीच फिकी पडल्याचं २०२३ मध्ये दिसलं. एमआरएनए लशी (ज्या विषाणूच्या प्रथिनाची फक्त कृती शरीरात नेतात) वापरणाऱ्या देशांतल्या अभ्यासांत ती अधिक चिवट होती. एमआरएनएचे डोस वारंवार घेतल्यावर आयजीजी४ या प्रकारची प्रतिपिंडं वाढतात असंही याच सुमारास जर्मनीतून कळलं. त्यावरून समाजमाध्यमांवर बरीच भीती पसरली, पण त्याने आजार वाढतो असं काही सिद्ध झालेलं नाही.

भारतात बदललेल्या लशींची गोष्ट थोडक्यात आटोपते. पुण्यात विकसित झालेल्या ओमिक्रॉनवरच्या एमआरएनए लशीला जून २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानात टिकते, सुईविना त्वचेत देता येते, या गोष्टी कौतुकाच्या होत्या. घेणारे मात्र उरले नव्हते. त्या डिसेंबरात केरळपाठोपाठ सिंधुदुर्गात आणि गोव्यात जेएन.१ हा ओमिक्रॉनचा उपप्रकार सापडला. तो बीए.२.८६ या लांब उडी मारलेल्या शाखेचा, एल४५५एस हा एक जास्तीचा बदल घेऊन आलेला. एप्रिल २०२४ मध्ये जागतिक शिफारस जेएन.१ वर गेली. मे २०२५ मध्येही ती त्याच कुटुंबात राहिली, एलपी.८.१ या जेएन.१ च्याच वंशजाचा पर्याय तेवढा जोडला गेला. म्हणजे तोवर दीड वर्षं विषाणू एकाच फांदीवर पानं बदलत होता. त्याच महिन्यात मुंबई-पुण्यात पुन्हा रुग्ण दिसू लागले, पण बहुतेक प्रकरणं तापाच्या गोळीवर निभावली.

आता एक पिढी अशी आहे, जिच्या शरीरावर वुहानची छाप पडलेलीच नाही. २०२२ नंतर जन्मलेल्या आणि लस न घेतलेल्या मुलांची पहिली भेट ओमिक्रॉनच्या कुटुंबाशी झाली. पहिल्यांदाच ओमिक्रॉन झालेल्या, लस न घेतलेल्या लोकांची प्रतिपिंडं त्या कुटुंबापुरती अरुंद असतात आणि जुन्या विषाणूला फारशी अडवत नाहीत, हे २०२२ मध्येच दिसलं होतं. जुना विषाणू आता फिरत नसल्याने यात आज काही बिघडत नाही. पण पुढचा मोठा बदल जेएन.१ च्या फांदीवरून आला तर या मुलांना तो सोपा जाईल आणि त्यांच्या आजी-आजोबांना अवघड. एखाद्या दीर्घकाळ बाधित रुग्णात वर्षानुवर्षं दडून राहिलेल्या जुन्या शाखेतून आला तर नेमकं उलट. बर्ड फ्लूच्या बाबतीत १९६८ ची रेषा ओळखायला जवळपास पन्नास वर्षं लागली. या वेळी ती रेषा कुठे पडली आहे हे आधीच माहीत आहे, ती कोणाच्या बाजूने जाईल तेवढं ठरायचं आहे.